कॅल्हून स्ट्रीटवरचं पांढरं चर्च : 'मदर इमॅन्युएल'च्या मंडळीची दोनशे वर्षं

तांबडमाती

मंडळी,

मी अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात राहते, चार्ल्सटन शहराच्या खाडीपलीकडे. शहरात जायचं तर कूपर नदीवरचा उंच पूल ओलांडायचा, आणि जुन्या वस्तीत शिरलं की कॅल्हून स्ट्रीटवर एक पांढरंशुभ्र, टोकदार मनोऱ्याचं चर्च लागतं. इमॅन्युएल आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च. इथे सगळे त्याला 'मदर इमॅन्युएल' म्हणतात, कारण दक्षिणेकडच्या राज्यांत या पंथाची जी चर्चेस आहेत त्यांतलं हे सगळ्यात जुनं.

जून २०१५ मधल्या एका बुधवारी रात्री इथे नऊ जणांना गोळ्या घालून मारलं आणि हे नाव जगभर गेलं. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. पण सुरुवात तिथून करणार नाही. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, जन्मापासून याच चर्चच्या. येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना फक्त त्या रात्रीबद्दल विचारतो, त्याआधीच्या दोन शतकांबद्दल कुणी विचारत नाही, ही त्यांची कायमची खंत. त्यांच्यामुळे मी वाचायला लागले. आता राहवत नाही म्हणून इथे लिहितेय.

ही गोष्ट सुरू होते एका दफनभूमीपासून.

अठराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्सटनमध्ये मेथडिस्ट हा ख्रिस्ती पंथ आला तेव्हा त्याच्याकडे सगळ्यात जास्त ओढले गेले ते काळे लोक. त्यांत गुलाम होते आणि थोडे स्वतंत्र झालेलेही. १८१५ च्या सुमारास शहरातल्या मेथडिस्टांमध्ये काळे सभासद गोऱ्यांच्या कितीतरी पट होते. बसायचं मात्र वरच्या गॅलरीत. तरी त्यांना एक गोष्ट मिळालेली होती. त्यांची वेगळी तिमाही सभा भरे, दानाचे पैसे ते स्वतः गोळा करत, त्याचा हिशेब स्वतः ठेवत, आपल्या सभासदांच्या चुकांचा निवाडाही स्वतःच करत. गुलामाच्या आयुष्यात स्वतःच्या हातात असलेली ही एवढीच जागा. त्या पैशातून काही गुलामांची सुटका विकत घेतली जातेय, असा गोऱ्यांना संशय आला आणि १८१५ मध्ये हे सगळे अधिकार काढून घेतले गेले.

लोकांनी ते सोसलं. पुढे गोऱ्या विश्वस्तांनी काळ्यांच्या दफनभूमीवर प्रेतगाडी ठेवायची शेड बांधायला काढली. आई-बाप, लेकरं जिथे पुरली त्या मातीवर. विनंत्या केल्या, कुणी ऐकलं नाही. मग १८१८ मध्ये चार हजारांहून जास्त काळे सभासद एकदम चर्च सोडून निघाले. काल-परवापर्यंत खच्चून भरणाऱ्या गॅलऱ्या ओस पडल्या.

त्यांचा पुढारी होता मॉरिस ब्राउन, जन्माने स्वतंत्र, धंद्याने चांभार. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन या एके काळच्या गुलामाने १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा केला होता. गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या माणसांना उठवून बाजूला केलं, तेव्हापासून त्याची बीजं होती. ब्राउन तिथे जाऊन दीक्षा घेऊन आला आणि चार्ल्सटनची नवी मंडळी या पंथाला जोडली गेली. शहराच्या उत्तरेला हॅम्पस्टेड वस्तीत त्यांनी आपलं देऊळ बांधलं. (देऊळ हाच शब्द मला इथे बरोबर वाटतो.) लोक त्याला नुसतं 'आफ्रिकन चर्च' म्हणत.

शहराला ते सहन होण्यासारखं नव्हतं. गुलामांनी अंधार पडल्यावर उपासनेला जमायचं नाही, गोरी माणसं हजर असली पाहिजेत, लिहा-वाचायला शिकवायचं नाही, असं नियमांचं जाळं होतं. १८१८ मध्येच पोलिसांनी धाड घालून १४० जणांना धरलं. उपासना बंद पडली नाही.

याच चर्चमध्ये एक सुतार होता, डेन्मार्क व्हीझी. तरुणपणी कॅप्टन व्हीझी नावाच्या गुलामांच्या व्यापाऱ्याचा गुलाम. १७९९ मध्ये त्याला शहराच्या लॉटरीत १,५०० डॉलर लागले. त्यातले ६०० मालकाला देऊन त्याने स्वतःला विकत घेतलं. विचार करा, स्वतःला विकत घेतलं. बायको-मुलांना मात्र सोडवता आलं नाही, ती दुसऱ्यांच्या मालकीची होती. चर्चमध्ये तो 'क्लास लीडर' होता, म्हणजे एका छोट्या गटाचा धार्मिक शिक्षक, आणि मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून इस्राएल लोक कसे सुटले ते बायबलमधून पुन्हा पुन्हा वाचून दाखवायचा.

१८२२ च्या उन्हाळ्यात गुलामांच्या मोठ्या उठावाचा कट फुटल्याची बातमी आली. १४ जुलै, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पडल्याचा दिवस, आधी ठरला होता आणि कुणकुण लागल्यावर तो १६ जूनवर आणला, असं न्यायालयाच्या कागदांत आहे. प्रत्यक्षात एकाही गोऱ्या माणसाला ओरखडा उठला नाही. पण १३१ जण पकडले गेले, बंद दाराआड खटले चालले आणि ३५ जणांना फाशी झाली. व्हीझीला २ जुलैला. २६ जुलैला तर एकाच दिवशी २२ जण लटकवले. मॉरिस ब्राउनवर काही सिद्ध झालं नाही, पण त्याला शहर सोडावं लागलं. फिलाडेल्फियाला जाऊन तो १८२८ मध्ये पंथाचा दुसरा बिशप झाला.

आणि चर्चची इमारत पाडून टाकली.

तिथून १८६५ पर्यंत, त्रेचाळीस वर्षं, या मंडळीला छप्पर नव्हतं. १८३४ मध्ये तर राज्यात सर्व-काळ्या मंडळ्यांवरच बंदी आली. कुणी गोऱ्यांच्या चर्चमधल्या त्याच गॅलऱ्यांत परत गेले, बाकीचे चोरून जमत राहिले. आमच्या गल्लीतल्या आजी ख्रिस्तीच असल्या तरी मराठीतला 'मंडळी' शब्द त्यांना मी समजावून सांगितला, की आमच्याकडचे ख्रिस्ती लोक इमारतीला नाही, माणसांना मंडळी म्हणतात. त्यांना तो फार आवडला.

पुढचं नंतर लिहिते. स्वयंपाक राहिलाय.

---

गोदाकाठ

ताई, दफनभूमीचं वाचून थांबलो.

आमच्या गावात दोन स्मशानं होती. अजून आहेत. गावच्या स्मशानाला शेड, ओटा, पाण्याची टाकी. आमच्याला ओढ्याच्या काठची उघडी जागा. आजोबा गेले ते श्रावणात. पाऊस थांबत नव्हता, गावच्या शेडखाली नेऊ द्या म्हणून वडील विचारायला गेले. नाही म्हणाले. पत्रे आणून चार जणांनी ते डोक्यावर धरले आणि त्याखाली चिता पेटवली. मी नऊ वर्षांचा होतो. त्या चार हजार माणसांनी अधिकार काढून घेतलेले सोसले आणि मातीवरची शेड सोसली नाही, याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

---

तांबडमाती

गोदाकाठ, हे तुम्ही इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मला काय बोलावं सुचत नाहीये.

---

जुनी_वही

लेख उत्तम. एक मुद्दा नोंदवतो. व्हीझीच्या कटाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. २००१ मध्ये मायकेल जॉन्सन यांनी एका मोठ्या लेखात मांडलं की हा 'कट' बऱ्याच अंशी न्यायालयानेच घडवला. मारझोड, एकांतकोठडी, फाशीची भीती यातून साक्षी उभ्या केल्या आणि शहराच्या महापौरांना त्यात राजकीय फायदा होता. व्हीझीचे चरित्रकार डग्लस एगर्टन यांच्यासारख्यांना ते पटत नाही. काळ्या समाजाच्या आठवणीत हा उठाव जिवंत राहिला तो उगाच नाही, असा त्यांचा भर आहे. त्या काळातही शंका घेतली गेली होती. राज्यपाल थॉमस बेनेट आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन या दोघांनीही खटल्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले होते. बेनेट यांच्या स्वतःच्या घरचे गुलाम फाशी गेले.

---

तांबडमाती

जुनी_वही, बरं झालं लिहिलंत. हे मी टाळलं होतं, कारण मला बाजू निवडता येईना. माझं मत एवढंच झालंय : कट खरा असेल तर या मंडळीतल्या माणसांनी स्वातंत्र्यासाठी जीव दिला, आणि खरा नसेल तर ३५ निरपराध माणसं फासावर गेली. यातलं काहीही खरं असलं तरी चर्च पाडलंच गेलं. शहरातल्या गोऱ्यांना त्या इमारतीची भीती का वाटली याचं उत्तरही दोन्हीकडून एकच येतं. काळी माणसं एकत्र बसून वाचत होती.

त्या भीतीने या शहराचा नकाशाच बदलला. गुलामांवर वचक ठेवायला शस्त्रागार आणि पहारा हवा म्हणून जी तटबंदी उभी राहिली, तिच्यातूनच १८४२ मध्ये 'सिटाडेल' ही लष्करी अकादमी निघाली. तिची जुनी इमारत चर्चपासून चालत पाच मिनिटांवर आहे. शिवाय १८२२ च्या डिसेंबरात कायदा झाला, की बाहेरून येणाऱ्या जहाजावर स्वतंत्र काळे खलाशी असतील तर जहाज बंदरात आहे तोवर त्यांना तुरुंगात ठेवायचं.

---

शुभवर्तमान

नमस्कार तांबडमाती. मी मराठी मेथडिस्ट घरातला. आजोबा पाळक (चर्चचे धर्मगुरू) होते. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, 'क्लास लीडर'बद्दल. वाचकांना तो साधा शिक्षक वाटेल, पण मेथडिस्ट पंथाचं हाडच ते आहे. पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींनी १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला हे सुरू केलं. चर्चचं कर्ज फेडायला दर आठवड्याला एकेक पेनी गोळा करायची म्हणून बाराबारा जणांचे गट केले, आणि पैसे मागायला घरोघर जाताना लक्षात आलं की माणसांची खुशाली, भांडणं, दारू, आजार सगळंच कळतंय. तेव्हापासून दर आठवड्याला दहा-बारा जण कुणाच्या तरी घरी बसायचे, एकमेकांना 'तुझ्या जिवाचं कसं चाललंय' विचारायचे. आमच्याकडे ती प्रथा कुटुंबसभेच्या रूपात उरली आहे. सतरंजी, हार्मोनियम, शेवटी चहा.

चार्ल्सटनची मंडळी त्रेचाळीस वर्षं छपराशिवाय टिकली याचं रहस्य मला तिथेच दिसतं. इमारत पाडता येते, बाराबारा जणांचे गट कसे पाडणार? ते कुणाच्या खोलीत, मागच्या अंगणात भरतात.

दुसरी गोष्ट, या पंथाचा आणि आपल्या मुंबईचा संबंध. मुंबईत मेथडिस्ट काम १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर आल्यावर सुरू झालं. त्यांना बोलावणारे जॉर्ज बोवेन, मुंबईच्या गरीब वस्तीत फकिरासारखे राहिलेले अमेरिकन. पण फार थोड्यांना माहीत आहे की १८७९ ते १८८१ या काळात अमांडा स्मिथ नावाची काळी अमेरिकन स्त्री हिंदुस्थानात उपदेश करत फिरली. जन्म गुलामीतला, मेरीलँडमधला. बापाने जादा काम करून आधी स्वतःला आणि मग कुटुंबाला विकत घेऊन सोडवलं. ती धुणीभांडी करून जगली. ती याच आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाची. हिंदुस्थानातले मेथडिस्ट बिशप थोबर्न यांनी तिच्या आत्मचरित्राला प्रस्तावना लिहिली आणि तिच्याकडून आपण जितकं शिकलो तितकं क्वचितच कुणाकडून शिकलो, अशा अर्थाचं म्हटलं आहे.

'इमॅन्युएल' म्हणजे आपल्या मराठी पवित्र शास्त्रातलं (बायबलमधलं) 'इम्मानुएल', आम्हांबरोबर देव.

---

तांबडमाती

शुभवर्तमान दादा, क्लासचं तुम्ही जे सांगितलंत ते मला कुठल्याच पुस्तकात इतकं स्पष्ट मिळालं नव्हतं. २०१५ चा तो बुधवारही तशीच बैठक होती. बाराच माणसं होती, तेरावा बाहेरचा.

राहिलेलं सांगते.

फेब्रुवारी १८६५ मध्ये, गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धाच्या शेवटी, चार्ल्सटन पडलं आणि संघराज्याची, म्हणजे उत्तरेकडची, फौज शहरात आली. मे महिन्यात बिशप डॅनियल पेन बोटीने उतरले. ते याच शहरात १८११ मध्ये स्वतंत्र काळ्या घरात जन्मले होते. अठराव्या वर्षी त्यांनी काळ्या मुलांसाठी शाळा काढली होती. मुलांना शिकवणं गुन्हा ठरवणारा कायदा आला तेव्हा ती बंद करून ते १८३५ मध्ये निघून गेले. बरोबर तीस वर्षांनी ते परत आले ते मंडळी पुन्हा उभी करायला. ती उभीच होती. लोक लपलेल्या जागांतून बाहेर आले, एवढंच.

त्याच वर्षी नवं लाकडी चर्च बांधायला घेतलं. त्याचा आराखडा केला रॉबर्ट व्हीझीने. डेन्मार्क व्हीझीचा मुलगा. बापाला ज्या चर्चपायी फाशी झाली, ते चर्च मुलाने त्रेचाळीस वर्षांनी बांधून दिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

नव्या मंडळीचे पाळक होते रिचर्ड केन. जबरदस्त माणूस. उपासना चालवायचे, वर्तमानपत्र चालवायचे, गुलामीतून सुटलेल्यांना जमिनी मिळाव्यात म्हणून खटपट करायचे. चार्ल्सटनजवळचं लिंकनव्हिल हे गाव वसवण्यात त्यांचा मोठा हात होता. आधी राज्याच्या सिनेटवर आणि मग १८७३ मध्ये ते थेट अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले.

३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री मोठा भूकंप झाला आणि लाकडी चर्च गेलं. आज दिसतं ते विटांचं चर्च १८९१ चं. आता रस्त्याचं नाव बघा. जॉन कॅल्हून हा देशाचा उपाध्यक्ष झालेला याच राज्यातला पुढारी. गुलामगिरी ही नाइलाजाची वाईट गोष्ट नसून चांगलीच गोष्ट आहे, असं त्याने १८३७ मध्ये सिनेटमध्ये ठणकावून सांगितलं. त्याच्या नावाच्या रस्त्यावर हे चर्च उभं आहे, आणि शेजारच्या चौकात शंभर फुटांहून उंच खांबावर त्याचा पुतळा होता. पिढ्यान्पिढ्या लोक त्या पुतळ्याच्या नजरेखालून उपासनेला आले.

---

गोदाकाठ

१८७३! ताई, केन संसदेत गेले त्याच वर्षी महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' पुण्यात छापली. अर्पणपत्रिका कुणाला? अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थत्याग केला. आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवण्यासाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा जोतीरावांनी तिथे लिहिली आहे. आम्ही शाळेत हे वाक्य पाठ केलं होतं. पण त्या अर्पणपत्रिकेच्या पलीकडे, सुटका झालेल्यांच्या बाजूला, केन यांच्यासारखा माणूस त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांसाठी भाषणं करत होता, हे आज कळलं. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नसेल.

पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे, की तुमचा अभ्यास करणं नुसतं स्वाभाविक नाही, गरजेचं आहे, या अर्थाचं.

---

रानजाई

मी सगळं वाचतेय. एक प्रश्न आहे, कुणाला दुखवायचा हेतू नाही. २०१५ नंतर सगळीकडे एकच गोष्ट दाखवली, की घरच्यांनी दोन दिवसांत त्या मारेकऱ्याला माफ केलं. मला त्याचा तेव्हाही त्रास झाला होता. ज्याचं माणूस गेलं त्याच्याकडून इतक्या घाईने क्षमेची अपेक्षा का? आपल्याकडेही अत्याचार झालेल्या घराला 'मोठं मन करा' म्हणून सांगायला सगळा गाव येतो.

---

तांबडमाती

रानजाई, तुझा प्रश्न रास्त आहे. आता त्या रात्रीकडे यावंच लागेल.

१७ जून २०१५. चर्चच्या तळघरातल्या सभागृहात बुधवारची बायबलची बैठक होती. विषय मार्कच्या चौथ्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळ जमिनीत, काही काटेरी झाडांत, काही चांगल्या मातीत. एक एकवीस वर्षांचा गोरा मुलगा आत आला. त्याला खुर्ची दिली, कागद दिला, पाळकांच्या शेजारी बसवलं. तो जवळजवळ तासभर बसून होता. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्याने गोळ्या झाडायला सुरुवात केली. नऊ जण गेले. सव्वीस वर्षांचा तरुण होता, सत्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या, आयुष्यभर शहरातल्या मुलांना पुस्तकं देणाऱ्या एक ग्रंथपाल होत्या. त्या मुलाचं नाव मी लिहिणार नाही.

पाळक होते क्लेमेंटा पिंकनी, वय एकेचाळीस. तेराव्या वर्षी उपदेश करायला लागले, तेविसाव्या वर्षी विधानसभेत निवडून आले, पुढे राज्याच्या सिनेटवर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या नॉर्थ चार्ल्सटनमध्ये एका निःशस्त्र काळ्या माणसाला पोलिसाने पाठीत गोळ्या घातल्या होत्या. पोलिसांच्या अंगावर कॅमेरे हवेत म्हणून पिंकनी सिनेटमध्ये बोलले होते. म्हणजे केन यांच्यासारखाच, पाळकही आणि लोकप्रतिनिधीही. या मंडळीत ही दोन कामं वेगळी कधी नव्हतीच.

१९ जूनला न्यायालयात जामिनाच्या सुनावणीला काही नातेवाइकांनी 'मी तुला क्षमा करते' असं म्हटलं, हे खरं. पण सगळ्यांनी नाही. काहींना ते वर्षानुवर्षं जमलं नाही आणि त्यांनी ते उघड सांगितलं. ज्यांनी म्हटलं त्यांच्या श्रद्धेवर बोट ठेवायचा मला अधिकार नाही, मी त्यांच्यापुढे वाकते. पण बाहेरच्यांनी तेवढंच उचललं, आणि ज्या मंडळीने १८१८ मध्ये सामूहिक बहिष्कार केला, ज्या चर्चमध्ये १९६२ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बोलले, १९६९ मध्ये इथल्या इस्पितळांतल्या काळ्या कामगार बायकांच्या संपाला जिथून बळ मिळालं आणि किंग यांच्या पत्नी कोरेटा ज्यांच्या पुढे चालल्या, ती मंडळी लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त क्षमा करणारी म्हणून उरली. आमच्या आजींची खंत तीच.

त्या वेळी राज्याच्या विधिमंडळासमोर, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सैन्याचा झेंडा फडकत होता. पिंकनी यांची शवपेटी घोडागाडीतून विधिमंडळात आणली तेव्हा बाकीचे झेंडे अर्ध्यावर होते आणि तो एक पूर्ण वर. कायदा बदलल्याशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. १० जुलैला तो उतरवला. नऊ माणसं गेल्यावर.

---

रानजाई

समजलं. धन्यवाद ताई. 'नऊ माणसं गेल्यावर' हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

---

भैरवी_पहाट

गाण्याबद्दल थोडं. पिंकनी यांच्या अंत्यसंस्काराला राष्ट्राध्यक्ष ओबामा भाषणाच्या मध्येच थांबले आणि 'अमेझिंग ग्रेस' गायला लागले, ते बहुतेकांनी पाहिलं असेल. ते भजन लिहिणारे जॉन न्यूटन तरुणपणी गुलामांच्या जहाजांवर होते. १७४८-४९ च्या सफरीत 'ब्राउनलो' नावाच्या जहाजावर ते दुय्यम अधिकारी होते, आणि आफ्रिकेतून माणसं भरून आणलेलं ते जहाज चार्ल्सटनच्याच बंदरात लागलं होतं. पुढे ते धर्मोपदेशक झाले, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध साक्ष दिली. ज्या शहरात त्यांनी माणसं उतरवली, त्याच शहरात अडीचशेहून जास्त वर्षांनी ते भजन गायलं गेलं.

ओबामांनी सुरुवात केली तेव्हा मागचे बिशप आधी हसले, मग उठून उभे राहिले, आणि ऑर्गनवाल्याने त्यांची पट्टी शोधून काढली. गाणाऱ्याच्या मागे जाऊन त्याला सूर देणं म्हणजे काय, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना ती चित्रफीत दाखवून शिकवते.

---

कोकणकडा

पुढच्या वर्षी मुलाकडे अटलांटाला जाणार आहोत. गाडीने चार्ल्सटन होईल असं वाटतं. चर्च आतून बघता येतं का? आणि तो कॅल्हूनचा पुतळा अजून आहे?

---

तांबडमाती

काका, जरूर या. पाच तासांच्या आसपास गाडी चालवावी लागेल. आत जायचं तर माझा आग्रह रविवारच्या उपासनेला जायचा. मी गेले होते. दारात एका बाईंनी हात हातात घेतला आणि सोडलाच नाही, बाकापर्यंत नेऊन बसवलं. जिथे दार उघडं ठेवल्यामुळे नऊ माणसं गेली, तिथे दार अजून असं उघडतात. कृपा करून आत फोटो काढू नका, आणि तळघराबद्दल आपण होऊन विचारू नका.

पुतळा नाही. २४ जून २०२० ला, सबंध रात्र काम करून, उतरवला. रस्त्याचं नाव तेच आहे. डेन्मार्क व्हीझीचा पुतळा मात्र आहे, हॅम्प्टन पार्कमध्ये, २०१४ पासून. एका हातात सुताराची पिशवी, दुसऱ्या हातात बायबल. आणि नदीकाठच्या गॅड्सडेन धक्क्यावर, जिथे गुलामांची जहाजं लागायची, तिथे २०२३ मध्ये आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडलं आहे. त्याला अर्धा दिवस ठेवा.

---

गोदाकाठ

ताई, शेवटचं विचारतो. त्या पुरलेल्या माणसांचं पुढे काय झालं? जुन्या दफनभूम्या राहिल्या का?

---

तांबडमाती

गोदाकाठ, बऱ्याचशा शहराखाली गेल्या. वर रस्ते, वाहनतळ, घरं.

पण एक सांगते. चर्चपासून हाकेच्या अंतरावर, कॅल्हून स्ट्रीटवरच, शहराचं मोठं नाट्यगृह आहे. २०१३ मध्ये त्याचं बांधकाम चालू असताना अॅन्सन स्ट्रीटच्या बाजूला खणताना ३६ माणसांचे सांगाडे सापडले. आफ्रिकन वंशाचे, अठराव्या शतकात पुरलेले, म्हणजे आफ्रिकन चर्चच्याही आधीचे. कुठल्याच नकाशावर त्या जागेची नोंद नव्हती. कुणाच्या दातांवरून कळलं की तो आफ्रिकेत जन्मला, कुणाच्या दातांवरून की तो इथेच. त्यात लहान मुलंही होती.

नावं कुणाचीच माहीत नव्हती. म्हणून शहरातल्या काळ्या समाजाने त्यांचं बारसं केलं. मला दुसरा शब्द सुचत नाही. आफ्रिकन रिवाजाने विधी करून छत्तीस जणांना छत्तीस नावं ठेवली. मे २०१९ मध्ये मिरवणुकीने नेऊन त्यांना पुन्हा त्याच जागेजवळ पुरलं. तिथल्या स्मारकासाठी एक कारंजं योजलं गेलं, त्याच्या कुंडाभोवती आज इथे राहणाऱ्या छत्तीस माणसांच्या हातांचे साचे.

आमच्या आजी त्या मिरवणुकीत चालल्या होत्या. गुडघे दुखत होते, तरी शेवटपर्यंत.